मानोजी अण्णांचा चढ

मानोजी अण्णांचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. कुणी वाचता वाचता ओळखण्यापेक्षा मीच कबूल केलेलं बरं. आणि हेवा म्हणजे थोडाथोडका नव्हे, समोर ताट असताना घास तोंडात फिरावा इतका. ज्याच्यावरून हा सगळा जळफळाट, त्या माणसाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. निदान मी तरी बरीच वर्षं तसं समजून चाललो होतो.

मी बेंगळूरला आलो तेव्हा स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली होती. पुण्याहून आलेलो, डिप्लोमा पहिल्या वर्गात, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. चामराजपेटेत एका गल्लीत खोली घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर रेल्वेनं आलेली सायकल स्टेशनातून सोडवून आणली. पुण्याचा माणूस म्हटल्यावर सायकल आलीच. खडकवासल्यापर्यंत जाऊन आलेलो मी! सायकल कशी मारतात ते या बेंगळूरकरांना एकदा दाखवूच, असं मनात होतं.

समोरच्या घरात मानोजीराव मोहिते राहायचे. आमच्याच ऑफिसात, माझ्या दहा-बारा वर्षं आधी लागलेले ड्राफ्ट्समन. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. घराणं मराठी, पण बेंगळुरात त्यांच्या किती पिढ्या गेल्या हे त्यांनाही धड सांगता येत नसे. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी आपली नव्हे हो. दर वाक्याला एक 'स्वल्प' आणि एक 'सरी'. थोडंसं म्हणायचं असलं की स्वल्प, आणि बरं, ठीक, हो, झालं, या सगळ्याला मिळून एकच सरी. पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं, "अण्णा, पोस्ट ऑफिस किती लांब आहे?" तर म्हणाले, "स्वल्प पुढं हाय की." मी दोन मैल चाललो.

अंगानं किडकिडीत. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, विजारीच्या पायांना दोन पितळी क्लिपा. सायकल काळी, जुनी, विलायती. कॅन्टोन्मेंटमधला कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांच्या वडिलांनी घेतलेली. रोज संध्याकाळी घरासमोर ती उलटी उभी करून मलमलीच्या फडक्यानं एकेक तार पुसत बसायचे. गौराक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून म्हणायच्या, "माझ्या पोरांची तोंडंसुद्धा यांनी कधी इतक्या वेळा पुसली नाहीत बघा." अण्णा मान वर न करता म्हणायचे, "सरी."

पहिल्याच रविवारी त्यांनी मला सकाळी फिरायला नेलं. फाटकाशी येऊन एवढंच म्हणाले, "जोगळेकर, येता काय?" कुठे ते नाही, किती वेळ ते नाही. निघालो. चामराजपेटेतून बसवनगुडीकडे जाताना नंदीच्या देवळाकडे चढणारा रस्ता लागतो. पायथ्याशी मी जोर करून त्यांच्या पुढे गेलो. मध्यावर येईतो दम लागला, पाव चढ उरला तेव्हा गुपचूप खाली उतरलो आणि चेन बघितल्यासारखं करू लागलो. अण्णा शेजारून गेले. ना वेग वाढवला, ना कमी केला. सपाटीवर ज्या संथपणे पाय फिरत होते, तसेच चढावर फिरत होते. मी धापा टाकत वर पोचलो, तर हे सायकल धरून उभे, पण माझ्याकडे पाठ करून. झाडाकडे बघत होते. माझा फेस आलेला चेहरा बघायला लागू नये म्हणून ती पाठ होती, हे मला लगेच कळलं. त्यांनी हसून घेतलं असतं तर मी तिथंच विसरून गेलो असतो. त्या पाठीनं मात्र माझं डोकं असं फिरलं, की सांगता सोय नाही.

त्यांचे सायकलचे नियम तीन. चढाला उतरायचं नाही. सपाटीला घाई करायची नाही. उताराला पाय मारायचा नाही. आणि बोलायचं तर मुळीच नाही. मी पुण्याच्या सवयीनं शेजारी येऊन काही सुरू केलं की ते हळूच म्हणत, "जोगळेकर, रस्ता ऐकू येईना की." रस्ता कसला ऐकू येतोय! पण गप्प बसलो की खरंच येई. चिंचेच्या झाडांखालून जाताना टायरचा आवाज वेगळा, मोकळ्यावर वेगळा. गावाबाहेर केंगेरीच्या बाजूला नाचणीची शेतं, कुठे मोट चाललेली. हे सगळं त्यांना आधी ऐकू येई आणि मला नंतर, याचाही मला राग यायचा.

ऑफिसातही तेच. ट्रेसिंगच्या कापडावर शाईची लांब रेघ ओढायची तर आम्ही श्वास धरून, जीभ बाहेर काढून ओढायचो. अण्णा नेहमीसारखा श्वास घेत ओढत, आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची. साहेब त्यांची शीट उचलून आम्हांला दाखवायचे. मी तेव्हा रबर शोधायला खाली वाकत असे.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग ऑफिसात बातमी आली की आमच्या कारखान्याचं एका फ्रेंच कंपनीशी जुळतंय आणि ड्रॉइंग ऑफिसातला एक माणूस नऊ महिन्यांसाठी फ्रान्सला जाणार आहे. एक! मी त्याच आठवड्यात बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या पलीकडे एका पाँडिचेरीच्या म्हाताऱ्या मास्तरांकडे फ्रेंचची शिकवणी लावली. दीड वर्ष, आठवड्यातून तीन संध्याकाळी, क्रियापदं घोकत गेलो. ऑफिसात मी सोडून कुणालाही फ्रेंचचा गंध नव्हता. त्यामुळे माझी निवड झालीच, असं मी धरून चाललो होतो. आईला तसं कळवूनही टाकलं होतं. तिनं शेजारपाजारी सांगितलं. बेळगावची मावशी स्वेटर विणायला लागली.

मग त्या कंपनीचे रुसेलसाहेब तीन महिन्यांसाठी बेंगळूरला आले. उंच, तांबूस, अबोल गृहस्थ. मी पहिल्या दिवशी त्यांच्याशी फ्रेंचमध्ये बोललो. ते नीट ऐकून इंग्रजीत उत्तरले. दुसऱ्या दिवशीही तसंच. रविवारी मी त्यांना ऑफिसच्या गाडीतून लालबाग दाखवली, राजवाडा दाखवला, सगळा वेळ माहिती देत होतो. परत येताना ते डोळे मिटून बसले होते.

पुढच्या आठवड्यात ते सायकलींच्या शेडपाशी थांबलेले दिसले. अण्णांच्या काळ्या सायकलीपुढे वाकून ते तिची साखळी बघत होते. अण्णा शेजारी उभे. साहेबांनी पायडलकडे बोट केलं, अण्णांनी रस्त्याकडे. साहेबांनी मान हलवली. झालं, त्या रविवारी साहेब कुणाची तरी सायकल मागून घेऊन अण्णांबरोबर गेले. त्याच्या पुढच्याही. उरलेले सगळे रविवार. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. मला कुणी 'येता काय' म्हणून विचारलं नाही असं नाही, अण्णांनी विचारलं होतं. मीच म्हटलं, डोकं दुखतंय.

साहेब गेल्यावर महिन्यानं यादी लागली. एकच नाव. एम. मोहिते.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्याला फ्रेंचमध्ये 'हो' म्हणता येत नाही, जो मराठीतसुद्धा दिवसाला वीस शब्द बोलतो, तो फ्रान्सला! आणि मी दीड वर्ष घोकलेली क्रियापदं काय कुंडीत लावू? सगळे अण्णांचं अभिनंदन करत होते. मीही केलं. अण्णा माझा हात धरून म्हणाले, "जोगळेकर, तुम्हीच जायला पाहिजे होता बघा. तुम्हाला भाषा येते." मनापासून म्हणाले, त्यात काडीचं नाटक नव्हतं. त्यामुळे तर जास्तच झोंबलं. गौराक्का म्हणाल्या, "यांना फ्रान्सला धाडलं काय आन् केंगेरीला धाडलं काय, एकच. सायकल असली की झालं." मावशीनं विणलेला स्वेटर मी अण्णांना दिला. तो त्यांना ढगळ झाला.

दीड महिन्यानं माझ्या नावानं पहिलं कार्ड आलं. तिकडच्या खेड्याचं चित्र, मागे अण्णांचं ते ड्रॉइंगवरचं, मोजून मापून काढल्यासारखं अक्षर. "सायकल मिळाली. रविवारी कालव्याच्या कडेनं गेलो. दोन्ही बाजूंनी झाडं. रस्ता ऐकू येतो." बस्स, एवढंच. मी ते कार्ड दहा वेळा वाचलं असेन. वाचून फाडावंसं वाटलं आणि फाडलं नाही.

मग कार्डं येतच राहिली. अण्णांना वाटेत दिसणाऱ्या पाट्यांचे अर्थ लागत नसत. ते पाटी जशीच्या तशी कार्डावर उतरवून मला पाठवत आणि विचारत, "जोगळेकर, हे काय म्हणतात?" म्हणजे बघा, फ्रान्समधल्या रस्त्यावरची पाटी वाचायला चामराजपेटेतल्या माणसाला पत्र! तिकडे कुणाला विचारायचं त्यांच्या मनातच येत नसे. भाषा येणारा माणूस म्हणून त्यांच्या डोक्यात मी बसलो होतो, ते बसलोच. उत्तर पोचेपर्यंत तीन-चार आठवडे जात. मी शब्दकोश काढून अर्थ लिहून पाठवायचो: पुढे वळण आहे, रस्ता खराब आहे, एकाच दिशेची वाहतूक.

एका कार्डात त्यांनी लिहिलं, "एक मोठा चढ हाय. साडेतीन मैल. दर रविवारी करतो. वर पोचलो की तहान फार लागते. वर दगडी नळ हाय, पण त्याच्यावर ही पाटी हाय. पिऊ नका असं असेल म्हणून पीत नाही." खाली पाटीची अक्षरं. मला शब्दकोश उघडावा लागला नाही. 'पिण्याचं पाणी' असं लिहिलं होतं!

उत्तर मी त्याच दिवशी लिहिलं. वर तारीख घातली, पाकीट चिकटवलं आणि खणात ठेवून दिलं. मुद्दाम. राहू दे म्हटलं तहानलेला, फ्रान्समध्ये आहेस ना? चांगले तीन आठवडे ते पत्र माझ्या खणात पडून होतं. रोज खण उघडताना दिसायचं. शेवटी माझं मलाच असह्य झालं आणि टाकलं एकदाचं पेटीत. माणूस किती खाली जाऊ शकतो ते मला त्या खणानं दाखवलं. वर आलो मात्र नाही, ते पुढे सांगतो.

नऊ महिन्यांनी अण्णा परत आले. तीच टोपी, तोच कोट. सगळं ऑफिस त्यांच्याभोवती. पॅरिस कसं आहे? "बघितलं नाही." तो उंच मनोरा? "वेळ झाला नाही." मग नऊ महिने केलंत काय? "कामाला जात होतो. रविवारी सायकल." लोक हिरमुसले. माझ्या मनात मात्र आग लागली. नऊ महिन्यांच्या सगळ्या रविवारी तो माणूस फ्रान्सच्या खेड्यांतून एकटा, न बोलता फिरला होता आणि सांगायला त्याच्याकडे दोन वाक्यंसुद्धा नव्हती. मी गेलो असतो तर काय काय सांगितलं असतं!

मला त्यांनी घरी बोलावून एक वही दाखवली. आमच्या कामात एखादी वस्तू आतून कशी आहे ते दाखवायचं तर ती उभी कापल्यासारखी काढतात. अण्णांनी रस्ते तसे काढले होते. दर रविवारी एक पान. पानावर रस्त्याची एकच रेघ, डावीकडून उजवीकडे चढत-उतरत जाणारी, चढ मापात. रेघेवर बारीक बारीक झाडं, कालव्याचं फाटक, चर्चचा मनोरा, एका ठिकाणी भुंकणारं कुत्रं. जिथे थांबले तिथे रेघेवर शाईचं एक टिंब. शब्द एकही नाही. मी पानं उलटत गेलो आणि इतकी वर्षं शेजारी बसून मला जे दिसलं नव्हतं ते दिसलं, की या माणसाकडे सांगण्यासारखं सगळं होतं, फक्त तो माझ्यासारखा बोलत नव्हता. मला ती वही हवी होती.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात अण्णांचं भाषण ठेवलं. विषय, फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलप्रवास. मंडळात बहुतेक सगळे पुण्या-मुंबईकडून आलेले, इंजिनिअर, त्यांच्या बायका. अण्णा कोट-टोपी घालून उभे राहिले, वही हातात. म्हणाले, "मला जास्त येत नाही. स्वल्प सांगतो." आणि हॉलमध्ये हशा पिकला. त्या स्वल्पला. कुणी वाईट मनानं हसलं नसेल, पण पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला. अण्णांनी टोपी काढली, परत घातली. मग माझ्यापाशी आले आणि वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "जोगळेकर, तुम्ही वाचा की. मी बसतो."

मी उभा राहिलो. हसणाऱ्यांत मीही होतो, हे अण्णांनी बघितलं असेल का, असं क्षणभर मनात आलं. मग पहिलं पान उघडलं आणि सगळं विसरलो.

सुरुवातीला मी 'मानोजीराव निघाले' असंच म्हणत होतो, शपथेवर सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ते 'आपण निघतो' झालं. आणि कालव्याकाठची ती झाडं आली तेव्हा मी सरळ 'मी' म्हणू लागलो. कुणी टोकलं नाही. लोक तल्लीन झाले होते. मोठा चढ आला. पानावर रेघ पायथ्यापासून माथ्यापर्यंत अखंड होती, तिच्यावर टिंब नव्हतं. पण साडेतीन मैलांचा चढ न उतरता कसा चढतात हे मला काय ठाऊक! मी म्हटलं, "निम्म्यावर दम संपला, उतरलो, आणि चेन बघितल्यासारखं करू लागलो. तेवढ्यात एक शेतकरीण आली, हसली आणि तांब्याभर दूध दिलं." हॉल टाळ्यांनी दणाणला. शेतकरीण वहीत नव्हती. ती मी घातली.

वही मी परत केली नाही. अण्णांनी मागितली नाही. पुढे म्हैसूरच्या मंडळानं बोलावलं, मग हुबळीच्या, मग बेळगावच्या. 'फ्रान्स सायकलनं पालथा घातलेले आमचे जोगळेकर' अशी ओळख करून दिली जायची आणि मी खाली बघून हसायचो. बेळगावला मावशी पहिल्या रांगेत होती. यादीचं मी घरी कळवलंच नव्हतं, त्यामुळे तिला वाटलं, स्वेटर कामी आला. शेतकरणीला मी पुढे एक मुलगीसुद्धा दिली. काय सांगू, त्या दीड तासात मी खरोखर फ्रान्सला गेलेला असायचो. भाषण संपलं की पुन्हा बेंगळूरची गाडी धरायची.

दोन वर्षांनी बेंगळुरातल्याच दुसऱ्या एका मंडळानं तेच भाषण ठेवलं. मी रंगात आलो असताना मागच्या रांगेत काळी टोपी दिसली. पण थांबणार कसा? 'मी'चं 'ते' करायचं तर शंभर माणसांसमोर खोटा पडतो. रेटून नेलं. संपल्यावर अण्णा दाराशी थांबले होते. मला वाटलं, आता माझी शोभा होणार. अण्णा जवळ आले, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "चांगलं सांगता हो तुम्ही. फक्त, चढाला उतरलो म्हणालात ना? उतरलो नव्हतो मी."

एवढंच. सगळा फ्रान्स मी घेतला त्याबद्दल चकार शब्द नाही. त्यांना फक्त तो चढ परत हवा होता. आणि मी काय म्हटलं असेल? "हो का? लोकांना हसवायला लागतं हो अण्णा." ते म्हणाले, "सरी," आणि गेले.

त्यानंतर रविवारी ते फाटकाशी येत आणि 'येता काय' म्हणत, पहिल्यासारखंच. मलाच तोंड दाखवायची लाज वाटे. कधी पाहुणे, कधी सर्दी. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. रविवारी सकाळी फाटक वाजायचं, काळी सायकल बाहेर पडायची, आणि मी खिडकीच्या आड उभा राहून ऐकायचो.

मग अण्णांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी सायकल बंद केली. त्याच सुमारास माझी उत्तरेकडच्या एका कारखान्यात बदली झाली. सामान बांधताना ती वही हाताला लागली. आठ दिवस मी तिच्याकडे बघत होतो. नेली असती तर कुणी विचारणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर न्यावीशीच वाटत होती. निघायच्या आदल्या रविवारी वर्तमानपत्रात गुंडाळून समोर गेलो. गौराक्का म्हणाल्या, "ते कुठं घरात बसतात! चालवायला मना हाय ना, तर हातात धरून हिंडवतात. बैल फिरवून आणावा तशी सायकल फिरवून आणतात. आत्ताच गेले बसवनगुडीकडं."

मी माझी सायकल काढली. नंदीच्या देवळाच्या चढाखाली ते गाठले. सायकल हातात धरून चालले होते, टोपी, कोट, पायांना क्लिपासुद्धा होत्या. मी उतरलो आणि वही पुढे केली. म्हटलं, "अण्णा, तुमची वही. मी उद्या जातोय."

त्यांनी कागद सोडून वही बघितली. म्हणाले, "चष्मा घरी राहिला. वाचा की तुम्ही. वरपर्यंत."

दोन सायकली घेऊन आम्ही चढू लागलो. एका हातानं हँडल, दुसऱ्या हातात वही. मी म्हटलं, "अण्णा, त्या नळाचं पत्र... ते मी मुद्दाम उशिरा टाकलं होतं."

"ठाऊक हाय की," अण्णा म्हणाले. "आत तुमची तारीख, वर पोस्टाचा शिक्का. तीन आठवड्यांचा फरक होता."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी सायकल एका खड्ड्यावरून अलगद नेली. मग म्हणाले, "तुम्हाला जायचं होतं. गेलो मी. तुमच्या जागी मी असतो तर मीबी टाकलं नसतं पत्र." आणि हसले. "वाचा, वाचा. कालवा आला काय?"

मी वाचू लागलो. "अण्णा, तुम्ही सकाळी निघालात. डावीकडे कालवा. कालव्याचं फाटक बंद होतं, तिथे एक टिंब आहे, म्हणजे तुम्ही थांबलात. पुढे झाडं सुरू झाली." इतक्या वेळा सांगितलेलं, पण 'तुम्ही' म्हणताना दर वाक्याला जीभ अडखळत होती. मनातला एकेक रस्ता उतरवून द्यावा लागत होता. कुत्रं दिलं, मनोरा दिला. शेतकरणीचं नाव काढलं नाही. मग मोठ्या चढाचं पान आलं. मी वही हँडलवर टेकवली आणि रेघेवरून बोट फिरवत गेलो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत.

"इथे टिंब नाही," मी म्हटलं. "साडेतीन मैल. तुम्ही उतरला नाहीत."

"सरी," अण्णा म्हणाले.

आम्ही वर पोचलो होतो. त्यांनी वही घेतली, कोटाच्या आत सरकवली. मग पलीकडच्या उताराकडे बघितलं, सायकल सरळ केली आणि टांग टाकून बसले.

"अण्णा! डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी पाय मारू नको म्हटलंय," ते म्हणाले. "उताराला पाय कोण मारतो?"

आणि सुटले. पाठ ताठ, टोपी जागच्या जागी, दोन्ही पाय पायडलवर स्थिर. घंटी नाही, मागे वळून बघणं नाही. झाडांच्या सावलीतून बाहेर, पुन्हा सावलीत, करत करत दिसेनासे झाले. मी माझी सायकल धरून वर उभा होतो. टायरचा आवाज बराच वेळ येत होता.

तेच अण्णांचं शेवटचं दर्शन. पुढच्या उन्हाळ्यात गौराक्कांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं आणि ते वाचून मी रडलो. पण त्या रविवारी चढावर उभा असताना मला रडू आलं नव्हतं. हेवा वाटला होता.